गल्ली बंद नव्हती

१

रुग्णवाहिका दारात येऊन थांबली तेव्हा पेंटरकाकांच्या घरात कुणालाच घाई उरली नव्हती. समोरच्या घरातली शेजारीण त्यांच्या उशाशी बसून होती. त्यांचा हात तिने अजून सोडला नव्हता. कोपऱ्यावरचा शिंपी दाराला टेकून उभा होता. परिचारक धावत आत आला, त्याने मानेवर बोटं ठेवली, छातीला नळी लावली आणि मग ती काढून शांतपणे गुंडाळली.

"जरा आधी यायला हवं होतं," तो म्हणाला. तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला होता, पण शिंप्याला ते लागलं.

"आम्ही छातीत दुखायला लागल्या लागल्या फोन केला. इस्पितळ ते केवढ्यावर, गल्लीच्या तोंडाशी. खाटेवर घालून चालत नेलं असतं तरी पोचलो असतो. तुम्ही म्हणालात निघालो, म्हणून थांबलो."

परिचारकाने स्ट्रेचर उघडलं. पेंटरकाकांना गाडीत ठेवलं आणि ड्रायव्हरने गाडी पुढे घेतली. दगडी फरसबंदीची जुनी गल्ली, दोन्ही बाजूंना घरं, शेवटी फर्निचरचं गोदाम. गोदाम संपलं आणि समोर मोठा रस्ता आला. रस्त्यापलीकडे इस्पितळाचं फाटक होतं, ज्यातून तो निघाला होता तेच.

ड्रायव्हरने ब्रेक दाबला आणि तो नुसता बघत राहिला. संध्याकाळच्या गर्दीत, कालव्याच्या पुलावर अडकत, अर्ध्या शहराला वळसा घालून तो ज्या घरी पोचला होता ते घर फाटकासमोरच्याच गल्लीत होतं. ती गल्ली बंद आहे, कालव्याकडून जा, असं त्याला गाडीतल्या पडद्याने सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने वरिष्ठांना हेच सांगितलं. त्यांनी त्याच्यासमोर शहराचा नकाशा उघडला. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी होती.

२

शहराच्या चौकशी कार्यालयात एक बाई होत्या. त्यांच्या पाठीमागे सगळे त्यांना चाळणीबाई म्हणत, कारण त्यांच्यापुढे कितीही मोठं पोतं ओता, खडा वर राहायचाच. हे नाव त्यांना माहीत होतं आणि त्याचा रागही नव्हता. "भोकं माझ्यात आहेत असं म्हणतायत की खडे त्यांच्यात आहेत असं, एवढं एकदा विचारायचंय," असं त्या घरी नणंदेला म्हणाल्या होत्या.

मोठ्या साहेबांनी फाइल त्यांच्याकडे सरकवली. "दोन पानं लिहा आणि मोकळ्या व्हा. माणूस शहरात नवा आहे, रस्ता चुकला, आता नकाशावर खापर फोडतोय. त्यात त्याची खोली कालव्याच्याच रस्त्यावर. जाता जाता घरी डोकावला असेल. माणसं खोटं बोलतात बाई, नकाशा बोलत नाही."

बाईंनी ड्रायव्हरला बोलावलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला. धिप्पाड माणूस, पण दोन दिवसांत खांदे उतरले होते.

"वाटेत खोलीवर थांबला होता?"

"गाडी कुठे थांबली ते गाडीच नोंदवते ना, बाई? बघा की."

बाईंनी ते आधीच पाहिलं होतं. गाडी फक्त पुलावर थांबत थांबत सरकली होती, दुसरीकडे कुठेच नाही. गाडी कुठून गेली हे साठवलं जात होतं. पडद्याने तिला काय दाखवलं, हे मात्र कुठेच साठत नव्हतं.

"पडद्यावर काय दिसलं, जसंच्या तसं सांगा."

ड्रायव्हरने डोळे मिटले. "मोठ्या रस्त्याने गल्लीत शिरायची वाट दिसत होती. गोदामापर्यंत पांढरी. गोदामाच्या पुढे आडवी लाल रेघ. रेघेपलीकडे घरं. म्हणून त्याने मला मागून, कालव्याकडून घातलं."

"गोदामाचं तुमच्या जबानीत नाही."

"कुणी विचारलंच नाही. मी म्हटलं बंद, ते म्हणाले खोटं. तिथेच संपलं."

तो गेला आणि त्याने उघड्या ठेवलेल्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, प्रवासाची पिशवी अजून खांद्याला. ती पेंटरकाकांची मुलगी होती. परगावी दातांच्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवायची. बोलणं तिचं कामासारखंच होतं, नेमकं आणि जास्तीचं काही नाही.

"ड्रायव्हर खोटं बोलत असेल तर दोषी तो," ती म्हणाली. "नसेल, तर कुणीतरी आमची गल्ली बंद केली आणि नंतर हळूच उघडली. मला त्या माणसाचं नाव हवंय."

३

दोघी मिळून गल्लीत गेल्या. चाळणीबाई सावकाश चालल्या. वळणावरच्या भिंतींचे कोपरे मोटारीच्या दाराच्या उंचीला खरवडलेले होते, पण ओरखड्यांवर धूळ बसून ते जुने झाले होते. दगडांच्या सांध्यांत गवत उगवलं होतं. दारांसमोर, अगदी चाकं जातील तिथपर्यंत, फुलझाडांच्या कुंड्या सरकल्या होत्या.

"इथून गाड्या जायच्या?"

"मी गेल्या वर्षी आले होते तेव्हा तर रांग लागायची. मोठ्या रस्त्याचा सिग्नल चुकवायला सगळे इथून घुसायचे. फोनच वाट दाखवायचा त्यांना."

गल्लीतल्या पाट्या मात्र बघत राहाव्यात अशा होत्या. 'शिंपी', 'फर्निचर भांडार', आणि काकांच्या स्वतःच्या दारावर 'पेंटर'. अक्षरं ताठ, गोलाई भरलेली, आणि अनुस्वार गोल टिंबाचा नव्हे तर पत्त्यातल्या चौकटसारखा.

"ही बाबांची खूण," मुलगी म्हणाली. "गोल टिंब कुणीही देतो म्हणायचे."

गोदामवाला बाहेरच उभा होता. त्या संध्याकाळी वाट यानेच अडवली असेल, असा गल्लीत सगळ्यांचा संशय होता. गल्ली बंद झाली तर माल उतरवायला त्यालाच अंगण मिळणार, असं शिंप्याने जाता जाता सुनावलंही होतं.

"मी कशाला बंद करीन?" गोदामवाला वैतागून म्हणाला. "माझे टेम्पो कालव्याकडून सरळ गल्लीतून यायचे. हल्ली बाहेरगावचा प्रत्येक ड्रायव्हर मोठ्या रस्त्याला फेरा घालून येतो आणि तिथल्या गर्दीत लटकतो. का, तर म्हणे फोन तसंच सांगतो. मी ओरडून ओरडून थकलो. आणि वर हे लोक मलाच बोलतात. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."

शेजारीण वरच्या मजल्यावर राहत होती. तिच्या खिडकीतून पेंटरकाकांचं दार आणि गल्लीचा बराच भाग दिसत होता. तिची आठ-नऊ वर्षांची लेक जिन्यावरून उतरताना एका पायावर किंचित भार टाळत होती.

"पायाला काय झालं हिच्या?" बाईंनी विचारलं.

"पडली होती. आता बरी आहे," शेजारीण पटकन म्हणाली आणि विषय बदलावा तसं पाणी आणायला गेली. काकांची ती शेवटची संध्याकाळ तिने नीट सांगितली. फोन कसा लावला, पत्ता कसा सांगितला, काका काय म्हणाले. बाई उठल्या तेव्हा ती दारापर्यंत आली. थांबली. मग खालच्या आवाजात म्हणाली,

"एक विचारू? रुग्णवाहिकेचा नकाशा वेगळा असतो ना? म्हणजे आपल्या फोनात असतो तो नाही ना?"

"का हो?"

"काही नाही. सहज."

खाली आल्यावर बाईंनी पेंटरांच्या मुलीला विचारलं, "नकाशाचं तुम्ही हिला काही बोलला होतात?"

"नाही. मी गल्लीत नकाशाचं अजून कुणाशीच बोलले नाही."

बाई वर खिडकीकडे बघत राहिल्या. नकाशाचं नाव तिच्यापुढे त्यांनीही काढलं नव्हतं.

४

नकाशा विभाग नव्या इमारतीत होता. थंड खोली, भिंतभर पडदा, आणि त्याच्यापुढे दोन टेबलं. एक विभागप्रमुखांचं, त्यांना सगळे नकाशासाहेब म्हणत. दुसरं ऑपरेटर ताईचं. तिसरं कुणी नव्हतंच.

नकाशासाहेबांचा आपल्या कामावर जीव होता, ते लपत नव्हतं. "पूर्वी प्रत्येक खात्याचा नकाशा वेगळा होता, बाई. पाणीवाल्यांच्या नकाशात पूल नव्हता, आगीच्या बंबाच्या नकाशात पाडलेल्या इमारती उभ्या होत्या. आम्ही सगळ्यांचा मिळून एक केला. आज कचऱ्याची गाडी, बंब, रुग्णवाहिका, पार्सलवाले, लोकांच्या हातातले फोन, सगळे इथूनच घेतात. इथे एक रस्ता काढला की शहरभर निघतो."

"आणि इथे एक रेघ मारली की?"

"ती पण शहरभर जाते," साहेब म्हणाले.

"ही गल्ली कधी बंद दाखवली होती?"

"छे हो. त्या ड्रायव्हरचं मी ऐकलं. गल्लीत कसलं काम नाही, खणलेलं नाही. गोदामाच्या पुढे रेघ मारायला कुणाला काय कारण असणार? तो वाट चुकला, दुसरं काय."

"नकाशात कुणी काय बदल केले, ते साठतं का?"

"फार जागा खातं म्हणून सध्या बंद ठेवलंय."

"आणि बदल कोण करू शकतं?"

"मी आणि ताई. पासवर्ड एकच आहे आमचा, कामाला सोपं पडतं."

ऑपरेटर ताई मान खाली घालून बसली होती. बाईंनी तिला बाहेर व्हरांड्यात गाठलं. "तुमच्या मनात काही आहे?"

"मी गल्ली उघडली नाही," ती म्हणाली. "एवढंच सांगू शकते. बाकी साहेबांना विचारा."

घोडं कुठे पेंड खातंय ते बाईंना दिसायला लागलं होतं, पण दिसणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. नकाशावर गल्ली उघडी होती. ती कधीकाळी बंद होती याला एका कावलेल्या ड्रायव्हरच्या शब्दापलीकडे आणि गोदामवाल्याच्या कुरकुरीपलीकडे काही नव्हतं. ज्या एका ठिकाणी सगळ्या शहराची माहिती होती, त्याच ठिकाणी ती पुसली गेली होती.

घरी आल्या तर नणंद फोन हातात धरून फुरंगटून बसलेली.

"वहिनी, त्या लग्नातला माझा तो तोंड उघडं टाकून झोपलेला फोटो आठवतोय? मी केव्हाच पुसून टाकला माझ्या फोनमधून. आज धाकट्या जावेने सगळ्यांना परत पाठवला. तिच्याकडे आहे, आत्याकडे आहे, त्या मेल्या भाच्याकडे तर मोठा करून ठेवलाय. मी एकटीने पुसून उपयोग काय?"

चाळणीबाई हसल्या. मग हसता हसता थांबल्या आणि त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"काय गं?"

"सगळे तिथूनच घेतात म्हणाला तो नकाशासाहेब," बाई म्हणाल्या. "पण सगळे एकदम घेत नसतील."

५

कचरा डेपोचा मुकादम गाड्यांमधल्या टॅबलेटांबद्दल बोलायला लागला तो थांबेना. "नव्या गाड्यांना चांगले दिलेत. आमच्या जुन्या गाड्यांना हे डबे. इंटरनेट धरत नाहीत. महिन्याच्या सुरुवातीला कार्यालयात नेऊन नकाशा भरून आणायचा, मग महिनाभर तोच दळायचा. गेल्या आठवड्यात एक रस्ता खचला, तो यांना अजून माहीत नाही."

"मला तेच हवंय," बाई म्हणाल्या. "ज्याला नवं काही माहीत नाही असं."

मुकादमाने एक टॅबलेट गाडीतून काढून दिला. काचेला तडा, पाठीला चिकटपट्टी. बाईंनी इस्पितळ शोधलं, फाटक शोधलं, समोरची गल्ली शोधली. गोदामापर्यंत पांढरी. गोदामाच्या पुढे, पहिल्या घराच्या अलीकडे, आडवी लाल रेघ.

ड्रायव्हर खरं बोलत होता.

बाईंनी टॅबलेट पिशवीत घातला आणि त्या तडक नकाशा विभागात गेल्या. नकाशासाहेबांच्या टेबलावर त्यांनी तो उघडून ठेवला आणि काही बोलल्या नाहीत. साहेबांनी एकदा पाहिलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हा जुना नकाशा आहे," ते म्हणाले. "पण उघडली मीच, हे कशावरून?"

"परवा तुम्ही म्हणालात, गोदामाच्या पुढे रेघ मारायला कुणाला काय कारण. ड्रायव्हरच्या जबानीत नुसतं 'गल्ली बंद' असं आहे. गोदामाचं तो फक्त माझ्याजवळ बोलला आणि मी कुणाला सांगितलं नाही. ती रेघ कुठे होती हे ज्याने ती पाहिली त्यालाच कळणार. पाहिली ती दोघांनी, तुम्ही आणि ताईंनी. ताई म्हणाल्या, मी उघडली नाही. बंद केली नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. खोटं बोलायचं असतं तर दोन्ही नाकारलं असतं."

साहेबांनी टॅबलेट टेबलावर पालथा ठेवला.

"दुसऱ्या दिवशी कामावर आलो तर रुग्णवाहिका केंद्रातल्या मित्राचा फोन आला होता," साहेब म्हणाले. "नकाशा उघडला, रेघ दिसली. पहिलं मनात आलं ते हेच की आधी उघडूया, आणखी कुणी अडकायला नको. तुम्हाला पटणार नाही, पण खरंच तेच आलं. उघडली. आणि मग लक्षात आलं की आता ती रेघ कुणालाच दिसणार नाही. तिथे माझं पाऊल घसरलं. त्या माणसाला कामावरून काढतील हे माहीत होतं मला."

"आणि बंद कुणी केली?"

साहेबांनी ताईला हाक मारली. ती आली, आणि मनावरचं ओझं उतरावं तसं बोलली. "लोक रस्त्यांची माहिती फोनवरून कळवतात. नाव विचारत नाही आम्ही, नाहीतर कुणी पाठवत नाही. फोटो आला होता, सोबत नकाशावर जागेची खूण होती. मी खरं समजून रेघ मारली. जाऊन बघायला माणूसच नाही आमच्याकडे."

तिने फोटो पडद्यावर आणला. दोन लाकडी घोड्यांवर आडवी फळी, फळीवर ठसठशीत अक्षरांत 'रस्ता बंद. काम चालू'.

बाई पुढे वाकल्या. 'बंद'वरचा अनुस्वार चौकटसारखा होता.

६

त्या फोटोची एक छापील प्रत घेऊन बाई दोन दिवस हिंडल्या. पाणी खातं, वीज खातं, गटारं, सगळ्यांनी कानावर हात ठेवले. त्या गल्लीत कुणी कुदळ मारलीच नव्हती. फोटोतही फळीमागची फरसबंदी जागच्या जागी दिसत होती. म्हणजे काम नव्हतंच, नुसती पाटी होती. पाटी पेंटरकाकांनी रंगवलेली, यात शंका नाही. पण काका गल्लीत सगळ्यांच्याच पाट्या रंगवायचे. कुणीही त्यांना फळी आणून दिली असेल.

कुणाला ती रेघ हवी होती? गोदामवाल्याला नको होती, त्याचे तर टेम्पो हुकत होते. आणि ती मारणाऱ्याने फार विचार करून मारली होती. गल्लीच्या तोंडाशी मारली असती तर गोदामाचा रस्ता तुटला असता, आणि गोदामवाल्याने दुसऱ्याच दिवशी बोंब ठोकली असती. घरांच्या मधोमध मारली असती तर शेजारी आपसांत वाटले गेले असते. तेवढी एकच जागा होती जिथे कुणाचं दार अडत नव्हतं, फक्त आरपार जाणं थांबत होतं. रेघ मारणाऱ्याला गल्ली बंद करायची नव्हती. त्याला फक्त परक्या गाड्या नको होत्या. कोपऱ्यांवरचे जुने ओरखडे, सांध्यांतलं गवत आणि पुढे सरकलेल्या कुंड्या तेच सांगत होत्या.

आणि फोटो वरून काढलेला होता. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून.

शेजारणीने दार उघडलं, बाईंच्या हातातला कागद पाहिला आणि बाजूला झाली. "या. मी वाटच बघत होते."

ती आधी बोलली ती लेकीबद्दल. फोनच्या नादाने घुसलेल्या एका मोटारीने पोरीला दाराशीच उडवलं होतं. पाय मोडला. मोटारवाला थांबलासुद्धा नाही. गल्लीने अर्ज केले, गतिरोधक मागितला, गाड्यांना मनाई मागितली. कुणी आलं नाही.

"काका रोज येऊन पोरीपाशी बसायचे, चित्रं काढून दाखवायचे. एकदा म्हणाले, त्या गाड्यांना माणसं पाठवत नाहीत, नकाशा पाठवतो. मग आपण माणसांना कशाला सांगतोय? नकाशालाच सांगू." शेजारणीने पदराने नाक पुसलं. "पाटी त्यांनी रंगवली. घोडे शिंप्याकडचे. सकाळी मांडले, मी इथून फोटो काढला, पाठवला आणि लगेच सगळं उचलून ठेवलं. दोन दिवसांत गाड्या थांबल्या. काका इतके खूश झाले की काही विचारू नका."

"आणि त्या संध्याकाळी?"

"फोन केला तेव्हा मनातही आलं नाही हो. आमच्या डोक्यात, तो नकाशा मोटारवाल्यांचा. रुग्णवाहिका सरकारी, तिचा वेगळा असणार. गाडी कालव्याकडून येताना दिसली तेव्हा कळलं. मी काकांचा हात धरून बसले होते, आणि त्यांना..."

बाईंनी तिला सावरू दिलं. मग विचारलं, "काकांना कळलं होतं?"

"नाही. ते विचारत होते, आली का. मी म्हणत होते, येतेय."

तिने फोन पुढे केला. "तुमच्याकडे आहे तो कापलेला फोटो. मूळ हा."

७

पेंटरकाकांची मुलगी वडिलांचे ब्रश धुऊन वर्तमानपत्रावर मांडत होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं, काही न गाळता, ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने. नकाशासाहेबांचं ऐकताना तिने एक धुतलेला ब्रश पुन्हा धुतला. शेजारणीचं ऐकताना ती खिडकीकडे बघत राहिली. आणि वडिलांचं नाव आलं तेव्हा तिने हातातला ब्रश फार जपून खाली ठेवला.

"मी नाव मागितलं होतं," ती म्हणाली.

बाईंनी मूळ फोटो तिच्यापुढे धरला. फळीच्या शेजारी पेंटरकाका उभे होते. कानामागे ब्रश, हाताची घडी, छाती पुढे काढून, वाहतूक पोलिसासारखा आव आणलेला, आणि तरी ओठांच्या कोपऱ्यात हसू मावत नव्हतं. शेजारणीने पाठवताना तेवढी कड कापली होती. बंद रस्त्याशेजारी हसणारा म्हातारा पाहून कुणाचा विश्वास बसला नसता.

मुलगी हसली. हसणं अर्ध्यावर तुटलं आणि ती किती तरी वेळ तोंडावर हात ठेवून बसून राहिली. बाई उठून बाहेर गल्लीत गेल्या, कुंड्या बघत राहिल्या, आणि हाक आल्यावर आत आल्या.

"अहवालात हे सगळं लिहायलाच हवं असं नाही," बाई म्हणाल्या. "चूक विभागाची आहे. कुणी न बघता नोंद घेतली, एक रेघ कुणाकुणाला अडवणार याचा विचार केला नाही, आणि नंतर पुसून टाकली. 'अज्ञात नागरिकाने कळवलं' एवढ्यावर भागेल."

"आणि दुसऱ्या कुठल्या गल्लीतला म्हातारा अशीच पाटी लावील. त्यालाही वाटेल, हा नकाशा मोटारवाल्यांचा." मुलीने डोळे पुसले. "नाही. लिहा. बाबांनी आयुष्यात पाटीखाली सही केल्याशिवाय पाटी दिली नाही. ही एकच पाटी बिनसहीची. ती सही आता तुम्ही करा."

बाईंनी तसंच लिहिलं. शेजारणीचं नाव घालू नका, एवढं मुलीने मागितलं आणि बाईंनी ते मानलं. त्या पोरीला मोठं व्हायचं होतं त्याच गल्लीत.

नकाशासाहेबांनी स्वतः जाऊन कबुली दिली. त्यांची प्रमुखाची जागा गेली. त्याच विभागात ते खालच्या टेबलावर बसायला लागले, आणि ऑपरेटर ताई सांगते की प्रत्येक नव्या रेघेसाठी आता ते स्वतः जागेवर जाऊन उभे राहतात. बदलांचा इतिहास साठायला लागला. पासवर्ड दोन झाले. नकाशात आधी रस्ता उघडा किंवा बंद एवढंच होतं, आता 'फक्त रहिवासी आणि तातडीच्या गाड्या' अशी तिसरी नोंद आली, आणि ती पहिल्यांदा त्या गल्लीला लागली. गतिरोधकही झाला. गोदामवाल्याला अजून वाटतं की तो त्याच्या ओरडण्यामुळे झाला.

परत जायच्या दिवशी मुलगी रुग्णवाहिका केंद्रात गेली. ड्रायव्हर कामावर परत घेतला गेला होता. तिला पाहून तो उठून उभा राहिला.

"तुम्ही खरं बोलत होता, हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "ते माझ्या तोंडून सांगायला आले."

मग त्याने विचारलं, "सरळ आलो असतो तर वाचले असते का हो?"

"डॉक्टरांना विचारलं मी. ते म्हणाले, सांगता येत नाही."

त्याने मान हलवली. आतून त्याच्या गाडीचा नंबर पुकारला गेला. तो निघाला, दोन पावलांवर थांबला, परत वळला आणि म्हणाला, "ताई, गाडी बसस्थानकावरूनच जातेय. बसा पुढे, सोडतो."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही सरळ जा."

तो गेला.